गर्दीवरून भक्ती मोजू नका

“आजकालची पोरं नास्तिक झाली” म्हणणारे आजोबा आणि “पोरं पुन्हा धर्माकडे वळली” म्हणून खूश होणारे काका बऱ्याचदा एकाच घरात राहतात. एकाचं लक्ष तिन्हीसांजेच्या शुभंकरोतीकडे असतं, दुसऱ्याचं विसर्जनाच्या मिरवणुकीकडे. शुभंकरोती मागे पडली, मिरवणूक लांबली. प्यू संशोधन केंद्राच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ९७ टक्के भारतीयांनी आपण देव मानतो असं सांगितलं होतं, तेव्हा आजोबांनी घोर लावून घेऊ नये. विचारायला हवं ते वेगळंच: या तरुणांकडून त्यांचा धर्म मागतो तरी काय?

मंडळाची पोरं गणपतीत दहा दिवस झोपेचं खोबरं करतात, वर्गणीची पावतीपुस्तकं घेऊन जिने चढतात-उतरतात. त्या कष्टांचं मला कौतुकच आहे. पण विसर्जनाला ट्रॉलीवर स्पीकरच्या भिंती चढतात, खिडक्यांची तावदानं थरथरतात, तान्ह्या बाळाला घेऊन बाळंतीण मागच्या खोलीत जाऊन बसते. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांतच घातलेली आहे. तरी मंडळाच्या बैठकीत “यंदा डीजे नको” म्हणण्याची छाती किती जणांची होते? जो म्हणतो, तो धर्मबुडवा ठरतो.

लग्नाच्या बाबतीत तर आनंदच आहे. दिवसभर कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा संध्याकाळी मोबाइलवर छत्तीस गुण जुळवतो, मुलीला मंगळ आहे का ते बघतो आणि लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळावर जातीच्या रकान्यात स्वतःची पोटजात न विसरता भरतो. या बाबतीत तो आजोबांचा आज्ञाधारक नातू असतो.

धर्म याहून वेगळं काही मागू शकतो, हेही आपण पाहिलं आहे. १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले. श्रद्धा होती म्हणून बसले. गाडगेबाबा दिवसा खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तनात नवस, बोकडबळी आणि कर्ज काढून घातलेल्या जेवणावळींवरून लोकांना धारेवर धरत. त्यांना नास्तिक म्हणायची हिंमत आहे कुणाची? मग विसर्जनानंतर नदीकाठी गुडघाभर चिखलात उभं राहून निर्माल्य वेचणारी कॉलेजातली मुलगी घरच्या आरतीला उभी राहत नाही, एवढ्यावरून ती अधार्मिक कशी?

ती आरतीला का उभी राहत नाही, हे तरी घरात कुणी विचारलं आहे का? महिन्यातले चार दिवस देवघराकडे फिरकू नकोस, असं तिला बारा-तेराव्या वर्षापासून सांगितलेलं असतं. “का?” म्हटलं की “आमच्या वेळी नव्हते असले प्रश्न” हे उत्तर. त्याच घरातल्या भावाला कुणी अडवत नाही. तो मंडळात जातो, तिथेही त्याला कुणी काही विचारत नाही. मुली देवापासून लांब चालल्या असतील, तर त्यांना पहिल्यांदा लांब आपणच बसवलं आहे. येत्या चतुर्थीला घरच्या गणपतीच्या पूजेला तिला बसवा. तारखांचा हिशेब न करता.