आठ दिवसांची चूल

बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेल्या आमच्या भागात एक सण असा आहे, की जो कोणत्याही दिनदर्शिकेत छापलेला नाही. गुढीपाडवा आणि ईस्टर यांच्या आगेमागे साखर कारखान्यांचा पट्टा पडतो, म्हणजे गाळपाचा हंगाम संपतो, आणि पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊस तोडावयास गेलेली बीड जिल्ह्यातील माणसे ट्रक-ट्रॅक्टरांतून गावी परततात. पाच-सहा महिने बंद असलेल्या घरांची कुलपे निघतात, भिंतींना पोतेरे फिरते, थंड पडलेल्या चुली पेटतात. पुढचे काम हाती येईपर्यंत जे सात-आठ दिवस मिळतात, त्या दिवसांत घरातील सारी माणसे एका छपराखाली, एका चुलीवरचे अन्न खातात. हाच आमच्याकडील तो निनावी सण.

या आठ दिवसांनी आम्हांस एका प्रश्नात टाकले आहे. घरचे जेवण आणि घरच्यांचा सहवास ही श्रमातून उरलेली सवड आहे, की तो मनुष्याचा हक्क आहे? आणि हक्क असेल, तर तो घरातील कोणाकोणाचा?

ज्या वाचकांचा या जीवनाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमची गावे रिकामी होऊ लागतात. बालाघाटाची सीताफळे, ज्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती झाडावर डोळे उघडू लागतात, नेमक्या त्याच वेळी मुकादमाचा ट्रक वेशीत उभा राहतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. या कोयत्याला मुकादम पावसाळ्यातच ‘उचल’ देऊन ठेवतो. ती रक्कम अनेकदा पन्नास हजारांच्या वर, कित्येकदा लाखाच्याही पुढे जाते, आणि ती मजुरीतून फेडावयाची असते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. दोघांनी दिवसभर राबून साधारणतः दोन टन ऊस तोडला जातो. आजारपण असो वा घरचे मरण, एक दिवस काम चुकले की ‘खाडा’ पडतो आणि त्याचे पैसे उचलीच्या हिशेबात चढतात. तोडलेला ऊस गाळपाला जितका उशिरा जाईल तितका साखरेचा उतारा घटतो. म्हणून हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो आणि रात्री-अपरात्री गाडी आली तरी मोळ्या भराव्याच लागतात. अशा जीवनात जेवणाची वेळ म्हणून काही राहत नाही. पहाटे कोपीपुढे तीन दगडांवर थापलेल्या भाकरी दुपारी फडात खाल्ल्या जातात. जानेवारीतला हुरडा गावाकडे भाजला जातो तो म्हाताऱ्यांपुरता. अंबाजोगाईच्या पट्ट्यातील हिंदू बांधवांची वेळ अमावस्या आणि आमच्या लोकांचा नाताळ, दोन्ही फडातच जातात.

गतवर्षी ईस्टरनंतरच्या आठवड्यात धारूर तालुक्यातील एका कुटुंबाने आम्हांस जेवावयास बोलाविले होते. घरात आजी-आजोबा, त्यांचा मुलगा, सून आणि सात वर्षांचा नातू. नातवाची शाळा बुडू नये म्हणून त्याला हंगामभर गावीच ठेवले होते. दोन वेळा तो हंगामी वसतिगृहात जेवे आणि रात्री आजीच्या कुशीत झोपे. अंगणात घोंगडी अंथरलेली होती. म्हाताऱ्यांनी राखलेल्या शेतातील नव्या ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, हुलग्याचे शेंगोळे, शेंगदाण्याची चटणी आणि कैरी असा बेत होता. मुलगा म्हणाला की आपल्याच रानातील ज्वारी त्याच्या तोंडी लागली ती या आठवड्यात. तो पोराला मांडीवर घेऊन एकेक घास भरवीत होता. पोरगा मात्र मधूनमधून चुलीकडे बघून पुन्हा आजीला बिलगत होता. आजी हळूच म्हणाली, “काय सांगू फादर, लेकरू मायलाबी पाव्हण्यावानी बघतंय.”

जेवणे झाली तरी कोणी उठेना. आजोबा जुन्या दुष्काळाच्या, १९७२ सालच्या गोष्टी सांगू लागले. मुलाने फडातील एका फजितीची नक्कल केली. पोरगा हसता हसता बापाच्या मांडीवर झोपला. तेव्हा आम्हांस आमच्या सेमिनरीतील एका वृद्ध स्पॅनिश प्राध्यापकांची आठवण झाली. ते आम्हांस नीतिशास्त्र शिकवीत. त्यांच्या भाषेत एक शब्द आहे : ‘सोब्रेमेसा’. जेवण आटोपल्यावरही माणसे मेजाभोवती गप्पा मारीत बसतात, त्या वेळेचे ते नाव. कॅस्टिलमधील त्यांचे खेडे गरीब होते. १९६० साली स्पेनने पश्चिम जर्मनीशी मजूर पाठविण्याचा करार केला आणि त्यांच्या गावातील तरुण तिकडील कारखान्यांत गेले. त्यांत त्यांचा धाकटा भाऊही होता. हे लोक ऑगस्टात सुटीला गावी येत. फादर रजेवर मायदेशी गेले असता असा एक आठवडा त्यांनी घरी अनुभवला होता. चण्यांचा रस्सा, गावच्या भट्टीतला पाव, आणि दुपारी सुरू झालेली पंगत जी सूर्य कलेपर्यंत मोडत नसे. “माझा भाऊ वर्षभर जर्मनीत राहत असे, पण जगत असे तो या आठवड्यात,” असे ते म्हणत. आणखी एक वाक्य ते सहज बोलून गेले होते. “आई मात्र बसल्याचे मला आठवत नाही. ती सारखी आत-बाहेर करीत असे.” आम्ही त्या वेळी पहिले वाक्य वहीत टिपून घेतले, दुसरे टिपले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विश्रांतीविषयी जगाची रूढ समजूत अशी, की बैलाला वैरण घालावी तशी श्रमिकाला विश्रांती द्यावी, म्हणजे उद्या तो पुन्हा जोमाने जुंपता येईल. या समजुतीत विश्रांती ही श्रमाची चाकर ठरते. जर्मन तत्त्वचिंतक योसेफ पीपर यांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याच्या उलट बाजू मांडली. त्यांच्या मते सवड ही कामातील खंड नव्हे; मनुष्य ज्यासाठी काम करतो ते जीवन सवडीतच असते. शाळा या अर्थाचा युरोपीय भाषांतील शब्द सवडीसाठी असलेल्या ग्रीक शब्दापासून आला, याकडेही ते लक्ष वेधतात. आमच्या त्या सात वर्षांच्या पोराचा विचार करता यात किती तथ्य आहे! त्याला शाळा मिळाली ती आईबापांपासून तुटून. एका सवडीसाठी त्याला दुसरी गमवावी लागली.

हा विचार केवळ परकीय ग्रंथांतला नाही. मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी. पुढच्याच वर्षी पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढून कामगाराची विश्रांती आणि कुटुंब पोसण्याइतके वेतन हा न्यायाचा विषय असल्याचे सांगितले. १९२१ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने उद्योगांतील साप्ताहिक विश्रांतीचा करार संमत केला आणि १९२३ साली हिंदुस्थानने त्यास मान्यता दिली. गिरणीच्या भोंग्याखालील माणसाला आठवड्यातला एक दिवस मिळाला, त्याला शतक उलटून गेले. उसाच्या फडातील माणसाला मात्र वर्षातून आठ दिवस मिळतात, तेही कोणी दिलेले नसतात. दोन कामांच्या फटीत सापडलेले असतात.

येथे कोणी म्हणेल, “पण त्यांनी उचल स्वखुशीने घेतली ना? अंगठा त्यांनीच दिला ना?” हा आक्षेप आम्ही सुशिक्षितांच्या तोंडून अनेकदा ऐकला आहे. यावर लिओ महाशयांचेच उत्तर पुरेसे आहे. गरजेने गांजलेला मनुष्य दुसरा मार्ग नाही म्हणून कठोर अटी मान्य करतो, तेव्हा ती संमती नसते. त्याच्यावर झालेला तो अन्याय असतो. ज्या घरात पावसाळ्यात दाणा नाही आणि मुलीचे लग्न ठरले आहे, त्या घराच्या ‘हो’ला खुशी म्हणणे ही भाषेची थट्टा होय. तेव्हा घरची चूल हा हक्क आहे, दयेने दिलेली सवलत नव्हे. आम्ही त्या अंगणात बसून मनाशी असा निष्कर्ष काढला, आणि पुढच्या रविवारच्या प्रवचनाला चांगला विषय मिळाला म्हणून, खरे सांगावयाचे तर, थोडे सुखावलो.

निरोप घेण्यासाठी उठलो, तेव्हा सून चुलीपुढे जेवावयास बसत होती. तोवर आम्ही साऱ्यांनी जेवून, गप्पा मारून, तिच्या हातचा चहाही घेतला होता. आमटी संपली होती. चटणी आणि भाकरी तिच्यापुढे होती. काहीतरी बोलावे म्हणून आम्ही म्हणालो, “बाई, बरे झाले, आता आठ दिवस तेवढाच विसावा.” ती हसली आणि म्हणाली, “तिकडं कोयता हाय, फादर, इकडं चूल हाय. हातातलं खाली ठिवायचं कवा?”

तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. तिने खरोखरच विचारले होते, आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते. घरी परतताना आमच्या निष्कर्षाची एकेक वीट निखळू लागली. तो सण आम्ही ज्यांच्यासोबत साजरा केला ती सारी माणसे अंगणात होती. तो सण घडविणारी मात्र त्यात नव्हती. लेकरू आईकडे पाहुण्यासारखे बघते ते सहा महिन्यांच्या ताटातुटीमुळे, हे खरे. पण परतल्यावरही ती त्याच्याजवळ कोठे बसली होती? बापाला मांडी रिकामी होती, म्हणून घास बापाने भरविला. फडात तिचे श्रम नवऱ्याच्या नावावरील कोयत्यात मिसळून जातात आणि तिच्या हाती वेगळी मजुरी पडत नाही. घरी तिचे श्रम ‘घरचे जेवण’ या गोड शब्दात विरघळून जातात. दोन्हीकडे हिशेबाची रीत तीच आहे.

शुभवर्तमानातील मार्था आणि मरिया या बहिणींवर आम्ही किती प्रवचने दिली असतील! स्वयंपाकात गुंतलेल्या मार्थेने धांदल करू नये, मरियेप्रमाणे प्रभूच्या पायांशी बसावे, असे आम्ही दरवर्षी सांगत आलो. मार्थेला बसता यावे म्हणून उरलेल्यांपैकी कोणी उठावे, हे मात्र एकदाही सांगितले नाही. पंचवीसहून अधिक वर्षे आम्ही घरोघर जेवलो. कुटुंबाने एकत्र बसून जेवावे, असा उपदेशही त्याच घरांतून केला. एकदाही आपले ताट उचलून मोरीपर्यंत नेले नाही. त्या दिवशीही ते आम्ही जागेवरच ठेवून आलो होतो.

मग घरच्या चुलीविषयीचा आमचा निष्कर्ष चुकीचा होता काय? तसे आम्हांस वाटत नाही. तो अपुरा होता. एका माणसाची विश्रांती दुसऱ्याच्या श्रमाने विकत घेतली जात असेल, तर आपण हक्काविषयी बोलत नसून केवळ ओझ्याची जागा बदलीत असतो. मुकादमाने मजुराला सांगावे, ‘तुझा वेळ माझा’, आणि मजुराने घरी येऊन बायकोला तेच सांगावे, या दोहोंत मापाचा फरक असेल, जातीचा नाही. पहिल्या अन्यायाविरुद्ध बोलावयाचे आणि दुसऱ्यावर ‘संस्कृती’ म्हणून पांघरूण घालावयाचे, ही नीती नव्हे.

म्हणून मागण्या दोन्ही दिशांनी केल्या पाहिजेत. हंगामात आठवड्याचा एक दिवस खाडा न धरता सुट्टी मिळावी. कोयत्यातील बाईचे नाव आणि तिची मजुरी स्वतंत्र लिहिली जावी. गिरणीमजुराचा रविवारही एके काळी अशक्यच म्हटला जात होता. आपण ज्या साखरेचा चहा घेतो तिच्या दरात या दिवसाची किंमत धरली जावी, आणि ती द्यावयास आपण कुरकुर करू नये. दुसरी मागणी आमच्या पुरुषांकडे, आणि त्यांत आम्ही धर्मगुरूही आलो. ज्या हातांना पहाटे चार वाजता ऊस तोडता येतो, त्या हातांना भाकरी थापता येणार नाही, असे मानण्यास काहीही आधार नाही. फडात नवरा-बायको एकाच पातीला लागतात. अंगणात ती पात तुटावी कशासाठी?

पुढच्या रविवारी आम्ही हेच प्रवचन दिले. काही पुरुष हसले, काही बायका मान खाली घालून बसल्या. त्या घरचा मुलगा प्रार्थनेनंतर आमच्याशी फारसे बोलला नाही. दोन दिवसांनी ती दोघे पुण्याकडे बांधकामावर निघून गेली आणि पोरगा पुन्हा आजीजवळ राहिला. आमच्या शब्दांनी त्या घरात काही बदलले किंवा कसे, हे आम्हांस सांगता येत नाही. यंदा पट्टा पडला की आम्ही पुन्हा त्या घरी जाणार आहोत. जेवण होईल, गप्पा होतील. त्यापूर्वी आम्ही आजीला विचारणार आहोत, की भाकरी जशा उतरतील तशा टोपलीत राहू द्याव्यात, आणि सून हात धुऊन घोंगडीवर लेकराशेजारी येऊन बसेपर्यंत कोणी पहिला घास घेऊ नये, हे चालेल काय? भाकरी थोड्या निवतील. निवलेली भाकरी त्या बाईने आजवर रोज खाल्ली आहे.