मालावरचे नाव

नकली वस्तू विकत घेणे हे पाप आहे काय, असा प्रश्न सरळ विचारला तर बहुतेक माणसे हसतील. चोरी म्हणजे कोणाच्या घरातून काही उचलून नेणे; इथे कोणाच्या घरातून काय गेले? आमच्या नागपुरात सीताबर्डीच्या रस्त्याने चालत गेले म्हणजे नामांकित कंपनीचे नाव कोरलेले घड्याळ, तिचेच चिन्ह असलेले बूट, अस्सलाच्या दहाव्या हिश्श्याच्या किमतीत मिळतात. घेणारा फसत नाही. त्याला ठाऊक असते, विकणाऱ्यालाही ठाऊक असते. वर कोणी टोकलेच तर उत्तर तयार असते, "टाइम तर बरोबर दाखवते ना जी? मंग काहून जास्त पैसे द्याचे?"

उत्तर वरवर बिनतोड वाटते. परंतु हाच मनुष्य मृग लागल्यावर काय बोलतो तेही ऐकावे. विदर्भात दर खरिपाला बोगस बियाण्याची ओरड होते. पाकीट ओळखीच्या कंपनीचे, छपाई तशीच, आत मात्र भलतीच सरकी. पेरली, पाऊस पडला, दहा दिवस वाट पाहिली, तास रिकामेच. मग दुबार पेरणी आणि दुबार कर्ज. त्या वेळी हा गृहस्थ म्हणतो की असल्या माणसाला फासावर द्यावे. आता पाहा, घड्याळावर खोटे नाव कोरणारा आणि पाकिटावर खोटे नाव छापणारा यांची विद्या एकच आहे. एकाच्या बाजूला आपण भागीदार म्हणून उभे असतो, दुसऱ्याच्या वेळी सावज म्हणून. म्हणून आपल्याला ते दोन निराळे वाटतात.

यातही एक गाठ आहे, ती सोडवल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्याकडे ज्याला 'चोर बीटी' म्हणतात ते कपाशीचे बियाणे शेतकरी जाणूनबुजून घेतो. तणनाशक फवारले तरी ही पऱ्हाटी मरत नाही. निंदणाला मजूर मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही, म्हणून ते हवे असते. सरकारची मान्यता मात्र त्याला नाही. 2019 च्या जून महिन्यात अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेने हे बियाणे उघडपणे, सर्वांना सांगून पेरले. मान्यता द्यावी की न द्यावी हा वाद जाणत्यांचा आहे. मला त्यातली वेगळीच गोष्ट दिसते. उघड पेरणाराने आपले नाव लावून पेरले. बाकी गावोगाव जे पाकीट अंधारात येते त्याला पावती नाही, विकणाऱ्याचे नाव नाही. मग त्यात खरे 'चोर बीटी' आहे की साधी सरकी रंगवून भरली आहे, हे विचारायचे कोणाला? कृषी खाते दरवर्षी बजावून सांगते की पिशवी, लेबल, पावती आणि थोडे बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवा. कारण नाव म्हणजे नुसता मान नव्हे. चूक झाली तर दार कोणाचे ठोठवावे, त्याचा तो पत्ता आहे.

नावाची किंमत कळायची असेल तर संत्र्याची बाग लावणाऱ्याला विचारावे. वरुड तालुक्यातील शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकांतून माणसे कलमे घेऊन जातात. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधलेला असतो. तो डोळा निरोगी, भरघोस झाडाचा आहे की कोणत्याही झाडाचा, हे रोपाकडे पाहून सांगता येत नाही. झाड फळावर यायला चार-पाच वर्षे लागतात. तोवर खत घातले, पाणी ओढले, उन्हाळ्यात टँकर आणला. पाचव्या वर्षी कळते की फसलो. गेलेली पाच वर्षे कोण परत देणार? ज्याला पारखता येत नाही त्याने नावावर विश्वास टाकायचा असतो. आंधळ्याची काठी असते तसे हे आहे. नकली माल करणारा कंपनीचे नुकसान करतो ते करतोच, पण आधी तो ही काठी पोकळ करतो. आणि स्वस्तात मिळते म्हणून हसत हसत जो ती घेतो, तो पुढच्या आंधळ्याच्या हाती पोकळ काठी जाण्याची सोय करतो. आपल्या संत्र्याला 2014 साली 'नागपूर संत्रा' म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले ते याचसाठी. हे नाव एका धन्याचे नाही, या मातीत बाग राखणाऱ्या सर्वांचे आहे. (बौद्धिक संपदेचे शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्थाही आमच्या नागपुरातच आहे. सीताबर्डीपासून ती फार लांब नाही. पण शेजारी वैद्य असला म्हणून रोग भितो थोडाच!)

आता कोणी वारकरी म्हणेल, हे सगळे बाजारातले झाले. आमच्या संतांनी कोठे हक्क राखून ठेवले होते? ज्ञानदेवांनी ओवी सांगितली ती सर्वांसाठी. तुकोबांचा अभंग गायला कोणाची परवानगी लागते? पोथी नकलून काढणे हे तर आमच्याकडे पुण्यकर्म. मग नक्कल करणे हा गुन्हा कसा?

आक्षेप चांगला आहे आणि अर्धा खरा आहे. आपल्या परंपरेत नक्कल करण्याला कोणी कधी आडकाठी केली नाही. पण परंपरेने एक गोष्ट अतिशय कडकपणे सांभाळली, ती म्हणजे मुद्रा. अभंगाच्या शेवटी नामा, जनी, चोखा, तुका हे नाव येते. त्या नावाशी दोन तऱ्हांनी खोटेपणा करता येतो. दुसऱ्याचे बोल घेऊन आपले नाव घालायचे, ही एक तऱ्हा. प्रभातच्या 1936 सालच्या 'संत तुकाराम' बोलपटातला सालोमालो तेच करतो आणि थिएटरातले अडाणी म्हातारेही त्याला ओळखून हसत. आपले बोल दुसऱ्याच्या नावावर खपवायचे, ही दुसरी तऱ्हा. ती अधिक लबाड, कारण तिच्यात नम्रतेचा आव असतो. तुकोबांच्या गाथेची 1950 सालची सरकारी प्रत घेतली तर अभंग सुमारे साडेचार हजार भरतात. जुन्या काही प्रतींत ते आठ हजारांवर गेलेले आहेत. वाढलेल्यांपैकी किती तुकोबांचे आणि किती इतरांनी भक्तीने अथवा हौसेने 'तुका' घालून रचलेले, हे निवडता निवडता विद्वानांची आयुष्ये गेली. नकली माल देवळातही शिरतो, एवढेच यावरून दिसते.

आणि याच ठिकाणी नाथमहाराजांनी घालून दिलेला कित्ता आहे. ज्ञानेश्वरी सांगितल्याला तीनशे वर्षे होत आली होती. नकलांवरून नकला होता होता पाठ बिघडले होते, पदरच्या ओव्या घुसल्या होत्या. शके 1506 म्हणजे 1584 साली नाथांनी प्रती ताडून पाहून ग्रंथ शुद्ध केला. केवढे कष्ट! त्या कष्टांची नोंद त्यांनी ग्रंथाअखेर केली, शकासह केली, आणि यापुढे कोणी आपली ओवी यात घालील तर ते अमृताच्या पानात करवंटी वाढण्यासारखे होईल, अशा अर्थाचा इशाराही दिला. पण शुद्ध केली म्हणून ती 'एकनाथी' झाली नाही. आपले काम आपल्या नावावर, ग्रंथ ज्याचा त्याच्या नावावर.

संतांनी दिले, हे खरेच. परंतु दिले ते त्यांनी. दान देणे हे देणाऱ्याच्या हाती असते. घेणाऱ्याने परस्पर ठरवायचे नसते. एखादा कीर्तनकार आपले कीर्तन सर्वांना खुले करतो, तर आनंद आहे, घ्यावे आणि वाटावे. दुसरा एखादा गायक ध्वनिमुद्रण विकून घर चालवतो. त्याचे गाणे मोबाईलवर फुकट उतरवून शंभर जणांना पाठवायचे आणि वर म्हणायचे, "देवाचं गाणं आहे, त्याला कसले पैसे?", हे म्हणजे शेजाऱ्याच्या कणगीतून अन्नदान करण्यासारखे आहे. देवाचे नाव फुकट आहे. गळ्याची मेहनत, तबलजीची रात्र, छापणाऱ्याचा कागद फुकट नाही. गरिबाच्या पोराने अभ्यासापुरती चार पाने उतरवून घेतली तर मी त्याला चोर म्हणणार नाही, कायदाही म्हणत नाही. पण आखे पुस्तक छापून बाजारात मांडणारा आणि ते पोर यांना एका ओळीत बसवून "सगळेच करतात" असे म्हणणे ही पळवाट आहे.

एवढे ध्यानात ठेवून आता आपल्याच मुलखातली गोष्ट पाहू. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड म्हणून खेडे आहे. तेथले दादाजी रामाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. 1983 साली बांधीत 'पटेल 3' हे धान उभे असताना त्यांना काही लोंब्या निराळ्या दिसल्या. सर्वांच्याच बांधीत अशा लोंब्या येत असतील. त्यांनी त्या खुडून वेगळ्या ठेवल्या. पुढच्या वर्षी पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. अशी काही वर्षे गेल्यावर बारीक, चवदार, भरपूर उतारा देणारे धान हाती आले. आसपासच्या शेतकऱ्यांनी बियाणे नेले, दादाजींनी दिले. बाजारात या तांदळाला नाव हवे होते. त्या काळी एच.एम.टी. मनगटी घड्याळाचा बोलबाला होता, तेच नाव व्यापाऱ्यांनी देऊन टाकले. आज इतवारीत कोणत्याही किराणा दुकानात 'एच.एम.टी. द्या' म्हटले की हा तांदूळ पुढे येतो.

इथे कोणी चतुर माणूस मला पकडील. घड्याळाचे नाव तांदळाला लावले, ही नाही का चोरी? माझ्या मते नाही. घड्याळाच्या कारखान्यात धान पिकते असे समजून एकाही बाईने हा तांदूळ घेतला नाही. नाव उसने होते, पण फसवणूक कोणाची झाली नाही. मात्र त्यात एक वाईट झाले: तांदळाला कारखान्याचे नाव मिळाले आणि माणसाचे नाव राहून गेले.

1994 साली अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील संशोधन केंद्राने प्रयोगासाठी दादाजींकडून 5 किलो बियाणे नेले. 1998 साली विद्यापीठाने वाण प्रसिद्ध केला, नाव 'पीकेव्ही एच.एम.टी.'. विद्यापीठाची बाजू अशी की मूळ बियाणे मिसळलेले होते, आम्ही निवड करून ते शुद्ध केले. ही बाजू खोटी मानण्याचे कारण नाही. शुद्ध करणे हे कष्टाचे आणि शास्त्राचे काम आहे, आणि शेतकऱ्याला त्याचा लाभच झाला. पण नाथांनी तीनशे वर्षांचा गाळ उपसला तरी ग्रंथ ज्ञानदेवांचाच ठेवला, आणि इथे ज्याने लोंबी ओळखली तो माणूस जिवंत, बारा कोसांच्या आत राहत असताना नावात त्याला एक अक्षरही मिळाले नाही. विद्यापीठात काम करणारे लोक वाईट होते असे मी म्हणत नाही. दीड एकरवाल्या माणसाने काही नवे निर्माण केले असेल, ही कल्पनाच आपल्या शिकलेल्या मनाला सुचत नाही. शिकलेल्याने केले तर संशोधन, खेडुताने केले तर 'निसर्गात सापडले'! रस्त्यावरच्या नकली घड्याळापेक्षा ही चूक मला मोठी वाटते, कारण तिथे करणाऱ्याला निदान ठाऊक असते की आपण नकली करतो आहोत.

कायदा मागाहून आला. पिकांच्या वाणांचे व शेतकऱ्यांच्या हक्कांचे संरक्षण करणारा कायदा 2001 साली झाला. त्यात शेतकऱ्याने काढलेल्या वाणालाही त्याच्या नावे नोंद करण्याची वाट आहे. त्यातले एक कलम तर आपल्या मुद्रेच्या नियमाशी नेमके जुळते: शेतकऱ्याने आपल्या शेतातले बियाणे राखावे, पेरावे, देवघेव करावी, विकावे, त्याला मोकळीक आहे, संरक्षित वाणाचे बियाणे त्या वाणाचे लेबल लावून मात्र विकू नये. लेखकाच्या बाबतीत 1957 च्या कायद्याने तेच केले आहे. हक्क विकून टाकले तरी 'हे मी लिहिले' असे म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो.

दादाजींना मान मिळाले, उशिरा. 2005 साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. राज्य शासनानेही सुवर्णपदक दिले. पुढे घरात अडचण पडली आणि ते पदक मोडायला नेले, तेव्हा सोने कमअस्सल निघाले, असे वर्तमानपत्रांनी छापले होते. त्यावर भाष्य करणे मला जमत नाही. 3 जून 2018 रोजी दादाजी गेले.

त्यांनी एच.एम.टी.नंतरही धानाचे काही वाण काढले. त्यातल्या एकाचे नाव 'डीआरके', म्हणजे दादाजी रामाजी खोब्रागडे. आता इतवारीत जाऊन 'डीआरके' मागणारी गिऱ्हाइके किती येतात, ते एकदा दुकानदारालाच विचारून पाहावे.