सुटकेच्या दिवशी फाटकापाशी कोण?



काही दिवसांपूर्वी सकाळच्या मिस्सानंतर एक आई आमची वाट पाहत दाराशी थांबली होती. तिचा मुलगा गर्दच्या नादी लागला. आधी घरातली भांडी गेली, मग आईची सोनसाखळी आणि शेवटी शेजाऱ्याच्या घरी चोरी. आज तो तुरुंगात आहे. ती म्हणाली, "फादर, तो आत आहे म्हणून मला रात्री झोप तरी लागते. आता जामीन होईल म्हणतात. त्याला सोडवून आणू, की राहू दे तिथंच?"

आम्हांला लगेच उत्तर देता आले नाही. तिच्या प्रश्नात साऱ्या धर्मग्रामाने विचार करावा असे काही आहे, म्हणून आज हे लिहीत आहोत.

आईची भीती खोटी नाही. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, अफूपासून होणाऱ्या हेरॉइनचाच प्रकार. तुरुंगात ती मिळाली नाही तर शरीराची सहन करण्याची ताकद उतरते, पण मनातली ओढ जात नाही. बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मात्रेने सुरुवात करतो आणि श्वास बंद पडून मरतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या तीस हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थाच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका त्यांना इतर रहिवाशांच्या १२९ पट होता. म्हणजे 'आत गेला की सुधारेल' ही आपली समजूत अपुरी आहे. उपचाराविना काढलेला तुरुंगवास त्याला बरा करीत नाही, फक्त धोका सुटकेच्या दिवसापर्यंत पुढे ढकलतो.

यावर कुणी म्हणेल, "फादर, त्याने आपणहून हे ओढवून घेतले. भोगू दे." हा आक्षेप आपण प्रामाणिकपणे तपासला पाहिजे. ज्याच्या घरी चोरी झाली त्याचे दुःख खरे आहे. त्याला न्याय मिळायलाच हवा. पण कृत्याची जबाबदारी मोजताना माणूस किती मोकळा होता हे चर्च नेहमी पाहत आले आहे. सवयीमुळे आणि अनावर ओढीमुळे जबाबदारी कमी होऊ शकते, असे कॅथलिक चर्चचा कॅटेकिझम सांगतो. संत ऑगस्टीननेही आपल्या आत्मकथनात स्वतःच्याच इच्छेने जडलेल्या सवयीची बेडी कशी झाली ते लिहिले आहे. पहिला झुरका मुलाने मारला, हे खरे. हजाराव्या वेळी मात्र हाडे फुटत असतात, उलट्या होत असतात, झोप उडालेली असते. तेव्हा तो पूर्वीइतका मोकळा नसतो.

आणि शिक्षेचा हेतू काय? गुन्हेगाराची सुधारणा हाही शिक्षेचा एक हेतू आहे, असे तोच कॅटेकिझम म्हणतो. पश्चात्ताप करायला मोकळे मन लागते. ज्याचे सारे चित्त पुढच्या पुडीत अडकले आहे, तो पश्चात्ताप कसा करणार? उपचार म्हणजे गुन्ह्याची माफी नव्हे. आपल्या गुन्ह्याचे उत्तर देण्याइतका तो माणूस पुन्हा उभा राहावा, यासाठी उपचार असतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही या व्यसनावरची औषधे स्वतःही अफूच्याच जातीची आहेत. "एक नशा सोडवून दुसरी लावायची का?" दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही २०१४ साली अशा पर्यायी औषधांना पुरेसा उपचार मानण्यास नकार दिला होता. त्यांचा इशारा आम्ही असा घेतो: गोळी देऊन माणसाला विसरून जाऊ नका, त्याला काम, शिक्षण, आपली माणसे हवीत. हे शंभर टक्के खरे आहे. पण आधी तो जिवंत राहायला हवा. ठरलेल्या मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेले हे औषध तलफ शांत करते आणि माणूस कामावर जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. अमली पदार्थांचा निषेध करताना आपला कॅटेकिझमही उपचारासाठीचा वापर वेगळा काढतो.

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्याने २०१६ साली आपल्या तुरुंगांत ही औषधे देणे सुरू केले आणि सुटल्यावरही उपचार चालू राहतील अशी व्यवस्था केली. २०१६ च्या पहिल्या सहा महिन्यांत तेथे अतिमात्रेने मेलेल्यांपैकी २६ जण नुकतेच तुरुंगातून सुटलेले होते. २०१७ च्या त्याच महिन्यांत ती संख्या ९ झाली. आपल्या देशातही दिल्लीच्या तिहार तुरुंगात २००८ साली ब्युप्रेनॉर्फिनचे उपचार सुरू झाले.

आपला कायदाही केवळ दंडुक्याचा नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४-अ सांगते की, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ सापडल्याचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारी वा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले, तर त्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट टाकले तर हे संरक्षण काढून घेता येते. चोरीला मात्र ही सवलत नाही. किती घरांना हे ठाऊक आहे? लाजेपायी आपण वकिलाकडे उशिरा जातो आणि डॉक्टरकडे जातच नाही.

दयाळू शोमरोन्याने जखमा बांधल्या आणि तो निघून गेला, असे प्रभूने सांगितलेले नाही. त्याने जखमीला उतारशाळेत नेले, पैसे भरले, आणि परत येताना उरलेला खर्च देण्याचे वचन दिले. आपला जखमी जास्त अवघड आहे, कारण त्याने दुसऱ्यालाही जखमी केले आहे. पण म्हणून तो रस्त्याच्या कडेला पडलेला नाही, असे होत नाही.

त्या आईला आम्ही नंतर सांगितले, "आई, त्याला आणा, पण एकट्या जाऊ नका, आणि थेट घरीही नेऊ नका. डॉक्टरांची वेळ आधी ठरवू. पहिले पंधरा दिवस त्याला एकटे सोडायचे नाही." त्या पंधरा दिवसांसाठी आम्हांला माणसे हवी आहेत: दवाखान्यात सोबत जाणारा कुणी, संध्याकाळी तासभर बसणारा कुणी, पुढे काम देणारा कुणी. ज्यांच्या घरी चोरी झाली त्या कुटुंबाकडेही आम्ही जाणार आहोत. त्यांचे ऐकून घेणे आधी. आणखी कुणाच्या घरात हे दुःख झाकलेले असेल, तर १४४४६ या सरकारी मोफत क्रमांकावर मदत मिळते, आणि आमचे दार उघडे आहे.

त्याला 'गर्दुल्ला' म्हणणे सोपे आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी याच चर्चमध्ये त्याला एक नाव दिले होते. सुटकेच्या दिवशी फाटकापाशी त्या नावाने त्याला हाक मारणारे कुणीतरी आपल्यातले असावे.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू