धीराच्या आधी निदान

चाळिशीच्या आसपासच्या माणसाच्या रक्तात साखर सापडली की आपल्याकडे निदान तिथेच संपतं. ‘शुगर निघाली’ एवढं वाक्य घरात येतं आणि त्यामागोमाग सल्ले सुरू होतात. भात सोडा, चहा बिनसाखरेचा घ्या, मेथीदाणे भिजवून खा, सकाळी चालायला जा. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातला एखादा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. अंगाने सडपातळ, सोयाबीनच्या काढणीत दिवसभर राबणारा, घरात आधी कुणाला मधुमेह नाही. गोळ्या सुरू होतात आणि पहिले काही महिने बरे जातात. मग वजन उतरू लागतं, रात्री पुन्हा पुन्हा लघवीला उठावं लागतं. गोळी वाढते, तिच्या जोडीला दुसरी येते, तरी साखर हटत नाही. अशा वेळी सगळ्यांची नजर त्याच्या ताटाकडे वळते. पथ्य पाळत नसेल, चोरून गोड खात असेल, असं बोललं जातं. अशा माणसाला धीर देण्याआधी, पथ्य शिकवण्याआधी त्याचं निदान पुरं व्हायला हवं, कारण त्याचा मधुमेह ताटातून आलेला नसण्याची शक्यता आहे.

आपल्या शरीराची संरक्षक यंत्रणा जंतूंशी लढते. काही जणांत तीच यंत्रणा स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींवर उलटते. लहान मुलांमध्ये हा हल्ला बहुधा झपाट्याने होतो आणि मूल काही आठवड्यांत आजारी पडतं. प्रौढांमध्ये तो अनेकदा संथ चालतो. थोडं इन्सुलिन काही महिने, कधी काही वर्षं तयार होत राहतं, त्यामुळे सुरुवातीला गोळ्यांनी भागल्यासारखं वाटतं. टाइप १ मधुमेहाच्या या संथ प्रकाराला डॉक्टर मंडळी ‘लाडा’ म्हणतात. रक्तातली जीएडी प्रतिपिंडं तपासली की हल्ल्याचा माग लागतो. सी-पेप्टाइड तपासलं की शरीर स्वतःचं इन्सुलिन अजून किती बनवतं, ते कळतं.

‘टाइप १ म्हणजे पोरांचा मधुमेह’ ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे, पण ती खरी नाही. ब्रिटनमधल्या एक्झिटर विद्यापीठाच्या संशोधकांनी लाखो लोकांची जनुकीय माहिती तपासली. साठीच्या आत टाइप १ झालेल्यांपैकी ४२ टक्के लोकांना तो तिशी ओलांडल्यावर झाला होता. क्रिकेटपटू वसीम अक्रमच्या टाइप १ चं निदान झालं १९९७ मध्ये, तिशीत, कारकीर्द ऐन भरात असताना. त्यानंतर इन्सुलिन घेत तो खेळत राहिला आणि २००३ च्या विश्वचषकात त्याने एकदिवसीय सामन्यांतला पाचशेवा बळी घेतला. ब्रिटनच्या तेव्हाच्या गृहमंत्री थेरेसा मे यांना २०१२ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, आधी टाइप २ सांगितला गेला. गोळ्या लागू पडेनात तेव्हा पुन्हा तपासणी झाली आणि टाइप १ निघाला. पुढे इन्सुलिनची इंजेक्शनं घेतच त्यांनी पंतप्रधानपद सांभाळलं. ब्रिटनच्या गृहमंत्र्यांच्या बाबतीत जी चूक होऊ शकते, ती आपल्या तालुक्याच्या गावी होत नसेल असं मानायला आधार नाही.

मात्र यावरून प्रत्येक सडपातळ रुग्णाला ‘लाडा’ ठरवणंही चूक होईल. युरोपात बारीक अंगकाठी हा संशयाचा मोठा धागा मानतात. इथे तो तितका भरवशाचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षं हेच दाखवून दिलं आहे की भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी त्याच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं आणि त्याची मुळं आईच्या पोटातल्या पोषणापर्यंत जातात. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला टाइप ५ म्हणून स्वतंत्र मान्यता दिली. पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसलेल्या मराठवाड्यात हे विशेष ध्यानात ठेवायला हवं. म्हणजे एकाच अंगकाठीमागे लाडा, टाइप २ आणि टाइप ५ असे तीन निराळे आजार असू शकतात आणि नुसत्या नजरेने ते ओळखू येत नाहीत. हळदीची पानं पिवळी पडली तर वसमतचा शेतकरी आधी कंद उपटून पाहतो, मग औषध ठरवतो. माणसाच्या बाबतीत आपण एवढी चौकशीही करत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. प्रकार कोणताही असो, साखर आटोक्यात ठेवायची आणि लागलं तर इन्सुलिन द्यायचं. मग महागड्या तपासण्या कशाला? आक्षेप खर्चाच्या बाजूने खरा आहे, औषधाच्या बाजूने नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या थकलेल्या बीटा पेशींना आणखी पिळतात, म्हणून लाडामध्ये त्या टाळाव्यात असं तज्ज्ञ सांगतात. आता स्वस्त झालेली डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधं इन्सुलिनची कमतरता असलेल्या माणसात किटोॲसिडोसिसला, म्हणजे रक्तात आम्लं साचण्याला, वाट करून देऊ शकतात, आणि तेव्हा साखरेचा आकडा फारसा चढलेला नसल्याने धोका लक्षातही येत नाही. शिवाय अशा ऑटोइम्यून, म्हणजे शरीराच्या स्वतःवरच्या हल्ल्यातून होणाऱ्या, मधुमेहाबरोबर थायरॉइडचा आजार आढळण्याची शक्यता वाढते, त्याचीही तपासणी लागते. चुकीच्या प्रकारावर काढलेली दोन वर्षं रुग्णाला परत मिळत नाहीत.

निदानाने बदलणारी दुसरी गोष्ट मला औषधाइतकीच मोलाची वाटते: अपराधीपणा. ‘तू नीट वागला नाहीस म्हणून सुई लागली’ हे वाक्य गावागावांत ऐकू येतं. इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी, असं मानून माणसं ते महिनोन्‌महिने टाळतात, लपून घेतात, लग्नाच्या बोलणीत दडवतात. लाडा झालेल्या माणसाला इन्सुलिन लागतं ते शरीर पुरेसं बनवत नाही म्हणून. शरीरात जे उरलं नाही, ते बाहेरून भरून काढायचं, इतकाच त्याचा अर्थ. हे एकदा डॉक्टरांच्या तोंडून, घरच्यांसमोर, स्पष्ट शब्दांत सांगितलं गेलं पाहिजे. तेवढ्याने दुःख संपत नाही. धडधाकट अंगाच्या भरवशावर आखलेलं आयुष्य नव्याने मांडावं लागतं. राग येतो, ‘मीच का’ हा प्रश्न पडतो. पण दुःख करणं आणि स्वतःला दोषी मानणं यांत फरक आहे. त्यातलं दुसरं आपण टाळू शकतो.

त्यानंतर येतं रोजचं शिक्षण, आणि ते बारकाव्यांचं असतं. आपल्याकडच्या इन्सुलिनच्या कुपीत बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात. तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी असते. अदलाबदल झाली तर डोस चुकतो. दुधट दिसणारं मिश्र इन्सुलिन घेण्याआधी कुपी तळहातांत हलकेच फिरवायची, जोरात हलवायची नाही. रोज त्याच जागी टोचलं तर तिथे गाठी होतात आणि औषध नीट लागू पडत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि वीजही जाते. तेव्हा फ्रीजच्या भरवशावर न राहता पिशवीत बांधलेली कुपी ओल्या मातीच्या मडक्यात ठेवता येते. एकादशीच्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर साखर चढते, निरंकार राहिलं तर उतरते. म्हणून उपवास करायचाच असेल तर तो डॉक्टरांना विचारून, डोस ठरवून करायचा. हळद शिजवायच्या दिवसांत कष्ट वाढले की साखर एकाएकी खाली येते: घाम, थरथर, जीभ अडखळणं. अशा माणसाला दारू प्यायलेला समजून बाजूला बसवलं तर जीव जाऊ शकतो. तो शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा साखर तपासायची. हे बायकोला, भावाला, शेतातल्या जोडीदाराला ठाऊक हवं.

म्हणूनच हा प्रश्न एकट्या रुग्णाच्या जिद्दीवर सोडता येणार नाही. छत्रपती संभाजीनगरच्या ‘उडान’ संस्थेने मराठवाड्यातल्या टाइप १ झालेल्या मुलांना इन्सुलिन, शिक्षण आणि एकमेकांची सोबत मिळवून दिली आहे. प्रौढाला तेवढीच गरज असते, पण तो कमावता, जाणता म्हणून सगळे त्याच्याकडून शहाणपणाची अपेक्षा धरतात. हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. तिशीपुढच्यांची साखर तपासण्याचा सरकारी कार्यक्रम गावपातळीवर आहे, आशाताई घरोघरी जातात. या साखळीत एक कडी जोडायची आहे. ज्याचं वजन घटतंय, ज्याला गोळ्या लागू पडत नाहीत किंवा ज्याच्या घरात थायरॉइडसारखा ऑटोइम्यून आजार आहे, त्याचं जीएडी आणि सी-पेप्टाइड जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी खर्चाने व्हावं. प्रत्येकाची तपासणी मागितलेली नाही. संशय असलेल्यांचीच मागितली आहे. ती नाकारणं म्हणजे आपल्या अज्ञानाची किंमत रुग्णाला त्याच्या अंगावर मोजायला लावणं. आणि ज्या घरात हे निदान नुकतंच आलं असेल, तिथल्या माणसांना एवढंच सांगावंसं वाटतं: त्याच्या ताटावर पहारा ठेवू नका, त्याच्याबरोबर सिरिंज भरायला शिका.