दोष कोणाचा?

लष्करी विमान पडले की लोक प्रथम विचारितात, "दोष कोणाचा?" आम्हांस वाटते, "हे कशाने झाले?" हा प्रश्न आधी यावा. दुसऱ्या महायुद्धात (1939-45) अमेरिकेच्या बी-17 विमानांचे कित्येक वैमानिक सुखरूप उतरल्यावर पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चुकून चाकेच आत घेत. त्यांस निष्काळजी म्हणणे सोपे होते. आल्फॉन्स चपानिस ह्या मानसशास्त्रज्ञाने शोध केला, तो दोन्ही खटके शेजारी व एकसारखे! चाकांच्या खटक्यास चाकाचा आकार दिल्यावर ती चूक टळू लागली.

आज त्या देशाच्या हवाईदलात सुरक्षेच्या चौकशीत गुप्ततेच्या वचनावर दिलेली जबानी शिक्षेसाठी वापरीत नाहीत. मग अपराधी सुटेल काय? नाही, त्याकरिता निराळी चौकशी असते. परंतु भयाने सत्य लपते, आणि लपलेले सत्य पुढच्या वैमानिकाचा जीव घेते. वाचकहो, घरी कोणाकडून चूक झाली, तर आपण प्रथम काय विचारितो?