थांबायला शिकलेलं यंत्र

पेसमेकरची तपासणी चालू असते. खांद्यापाशी कातडीखाली बसवलेल्या डबीवर तंत्रज्ञ हाताएवढं उपकरण ठेवतो, पडद्यावर आकडे उमटतात. पेशंट विचारतो, "बॅटरी किती वर्षं जाईल?" खाली आणखी एक आकडा असतो: हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे शंभरातले किती ठोके यंत्राने दिले. तो मोठा दिसला की वाटतं, चला, पैसे वसूल!

2007 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 1065 पेशंट होते. सगळ्यांची ठोका सुरू करणारी गाठ दमलेली, पण वरून खाली संदेश नेणारी वाट शाबूत. निम्म्यांना नेहमीचा दोन वायरींचा पेसमेकर, निम्म्यांना खालचा ठोका आपसूक येतो का याची वाट बघणारा. नेहमीच्या यंत्राने खालचे जवळजवळ 99 टक्के ठोके स्वतः दिले, थांबणाऱ्याने 9. वरच्या कप्प्यांची थरथर, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, टिकून राहिली ती पहिल्या गटात 12.7 टक्क्यांना, दुसऱ्यात 7.9 टक्क्यांना. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र ठळक फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

मला तो 99 खटकतो. वाट शाबूत होती! यंत्र सेकंदाचा दहावा भाग आणखी थांबलं असतं, तर त्यातले कितीतरी ठोके आपणहून खाली पोचले असते. अडखळत बोलणाऱ्या नातवाचं वाक्य आजी प्रेमाने पुरं करून टाकते, तशातली ही घाई. आणि ती फुकट जात नाही. उजव्या खालच्या कप्प्याच्या टोकाला दिलेला ठोका स्नायूंतून रेंगाळत डावीकडे जातो, भिंती मागेपुढे आकुंचन पावतात, त्याचा ताण वरच्या कप्प्यांवर येतो. ताणलेल्या कप्प्यात थरथर सहज मुरते.

अर्थात वाटच पूर्ण तुटली असेल, तर थांबण्यात शहाणपण नाही. तिथे प्रत्येक ठोका यंत्रानेच द्यायचा. मग प्रश्न उरतो तो कुठून द्यायचा. ठोका खाली नेणारा तंतूंचा जुडगा विल्हेल्म हिस यांनी 1893 मध्ये दाखवला होता. 2017 मध्ये चीनमधल्या डॉक्टरांनी मधल्या पडद्यात खोलवर वायर रोवून त्याच जुडग्याची डावी फांदी गाठली. तिथून दिलेला ठोका हृदयाच्या स्वतःच्याच वाटेने पसरतो.