थकलेला आवाज आणि श्रोत्याचे उत्तरदायित्व

वृद्ध गायकाला प्रत्यक्ष ऐकताना श्रोता नेमके काय ऐकत असतो, हा प्रश्न वरवर आस्वादाचा वाटला तरी मुळात तो नैतिक आहे. अमेरिकी ब्लूजच्या इतिहासातील एक घटना या दृष्टीने उद्बोधक आहे. १९३० साली पॅरामाउंटसाठी गायलेला कृष्णवर्णीय गायक सन हाउस १९६४ साली रॉचेस्टर येथे गोऱ्या चाहत्यांना सापडला, तेव्हा त्याने गाणे-वाजवणे कधीच सोडून दिले होते. अ‍ॅलन विल्सन या तरुण वादकाने त्याला त्याचीच जुनी गाणी पुन्हा शिकवली. साठीपलीकडचा माणूस आपल्याच तारुण्याचा शिष्य झाला. श्रोत्यांनी जे 'अस्सल' म्हणून ऐकले, त्याची कसोटी गायकाच्या कंठात नव्हे, तर जुन्या तबकडीत होती.

उरण परिसरातील आगरी समाजाच्या विवाहविधीत धवले गाणारी धवलारीण या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. लग्नातील एकेक विधी तिच्या गाण्याबरोबर पुढे सरकतो. ती बहुधा वयस्क असते आणि तिचे वय ही उणीव नसून पात्रता असते. आवाज चिरकला, दम पुरला नाही, म्हणून लग्न अडत नाही; धवला राहिला तर मात्र विधी अपुरा वाटतो. मांडवात तिच्यापुढे श्रोते नसतात, वऱ्हाडी असतात. तिच्या आवाजाची कीव करण्याचा किंवा त्याला दाद देण्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही.

तो उद्भवतो धवला मांडवातून मंचावर आल्यावर. सिडकोसाठी झालेले भूसंपादन, जानेवारी १९८४ च्या शेतकरी आंदोलनात गेलेले पाच बळी आणि १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर यांनी भातशेती व मिठागरे यांवर उभे असलेले जीवन पालटून टाकले. जे हरवले त्याचा पुरावा म्हणून मग वृद्ध कंठाकडे पाहिले जाऊ लागते. पुराव्याला बदलण्याची मुभा नसते. महदंबेचे तेराव्या शतकातील 'धवळे' हस्तलिखितांतून, कवयित्रीच्या नावासह, आपल्यापर्यंत आले. धवलारिणीची रचना मात्र 'लोकसाहित्य' या सदरात बहुधा निनावीच राहते. एकीला कर्तृत्व मिळते, दुसरीला केवळ प्रातिनिधिकता.

यावर असा आक्षेप घेता येईल की, संग्राहक नसते तर हे आवाज विरून गेले असते. शिवाय सन हाउसला त्या पुनःशोधातूनच नवे श्रोते आणि १९६५ चे कोलंबियाचे ध्वनिमुद्रण लाभले. आक्षेप खरा आहे. परंतु त्यातून जतनाचे समर्थन होते, जतन करणाऱ्याच्या अधिकाराचे नव्हे. गायकाने काय विसरावे, काय गाळावे, कुठे थांबावे, हे ठरविण्याचा हक्क ध्वनिमुद्रणाबरोबर हस्तांतरित होत नाही.

करुणा आणि भक्तिभाव हे दोन्ही येथे अपुरे पडतात. करुणा आवाजाला त्याच्या गतकाळाशी ताडून पाहते, भक्तिभाव त्याला गतकाळातच कोंडतो. थकलेला आवाज हा आजचा आवाज आहे, एवढे मान्य करणे हे श्रोत्याचे पहिले कर्तव्य होय. धवलारीण एखाद्या ओळीशी अडखळली, तर मांडवातली शेजारीण ती ओळ उचलून धरते आणि गाणे पुढे जाते. मंचासमोरच्या श्रोत्याला ती ओळ येत नसते. त्याच्या ऐकण्याची मर्यादा तेथूनच सुरू होते.